विजेचीं माहेरें

आकाशांत कडाडणारी चपला आणि घरांतील दिव्यांत मुकाट्यानें जळणारी शक्ति, या दोघींनाही आपल्या भाषेनें एकच नांव दिलें आहे: वीज. पहिली कोठून आली हें विचारण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. ती आली कीं आपण कानांवर हात ठेवतों. दुसरी कोठून येते हेंही कोणी विचारीत नाहीं, पण तेथें कारण भीति हें नसून संवय हें आहे. बटण दाबलें कीं दिवा लागावा, हें आतां आपल्याला सूर्योदयाइतकेंच स्वाभाविक वाटतें. न लागला तर 'वीज गेली' असें आपण म्हणतों, जणूं कोणी पाहुणी घरीं आली होती आणि न सांगतां निघून गेली. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण तो खरा आहे. ती पाहुणीच आहे. ती फार दुरून येते, आणि तिचें माहेर एक नसून अनेक आहेत. त्यांपैकीं कांहीं माहेरें शाळेच्या सहलींच्या निमित्तानें मला पाहावयास मिळालीं.

लेखास दुसरेंही एक निमित्त आहे. नववीच्या वर्गांत खोपोलीच्या जलविद्युत्केंद्राचा पाठ देतांना मीं मुळशीच्या सत्याग्रहाची हकीकत सांगितली. पुढें पालकसभेंत एका गृहस्थांनीं अत्यंत सौजन्यानें विचारलें, "सर, तास विज्ञानाचा, त्यांत मुळशी कशासाठीं? मुलांना यंत्राची रचना नीट समजली म्हणजे पुरे नाहीं का?" प्रश्न रास्त होता. सभेंत वेळ थोडा होता. म्हणून उत्तर येथें सविस्तर देतों.

ऊर्जा उत्पन्न करतां येत नाहीं आणि नाहींशीही करतां येत नाहीं, तिचें केवळ रूप पालटतां येतें, असा सृष्टीचा एक नियम आहे. त्या दृष्टीनें पाहिलें तर 'वीजनिर्मिति' हा शब्द थोडा फसवा आहे. पिठाची गिरणी ज्वारी निर्माण करीत नाहीं. ज्वारी आपणच डोक्यावरून न्यावी लागते. विद्युत्केंद्र ही अशीच एक गिरणी होय. कोणी तिच्यांत डोंगरावरचें पाणी ओततो, कोणी कोळसा, कोणी वारा, कोणी युरेनियम. दुसऱ्या बाजूनें जें पीठ बाहेर पडतें तें मात्र एकाच जातीचें असतें. घरांतल्या पंख्याला आपण पाण्यावर फिरतों आहों कीं कोळशावर, हें कधींच कळत नाहीं.

या गिरणीचें जातें प्रथम ज्यानें बसविलें तो एका लोहाराचा मुलगा. मायकेल फॅरडे लंडन शहरीं पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असे, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें बांधण्यापूर्वीं वाचून काढीत असे. शाळेचें शिक्षण त्याला जवळजवळ मिळालेंच नव्हतें. सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथावर त्याची अढळ श्रद्धा होती, आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळाच्या दिवसांत तो मुलांसाठीं व्याख्यानें देत असे. इ. स. १८३१ मध्यें त्यानें दाखविलें कीं, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर केला असतां तारेंतून विजेचा प्रवाह वाहतो. चुंबक स्थिर ठेवला कीं प्रवाह थांबतो. चुंबक हालला पाहिजे किंवा तार हालली पाहिजे. हालचालींतच सारें रहस्य आहे. आज जगांतील बहुतेक विद्युत्केंद्रांत जें जनित्र असतें तें म्हणजे फॅरडेच्या त्या खेळाचेंच विराट रूप: मधोमध फिरणारा चुंबक आणि सभोंवार तांब्याचीं वेटोळीं. उरला प्रश्न एवढाच, कीं तो चुंबक फिरवावयाचा कोणीं? विजेच्या माहेरांमाहेरांत जो भेद आहे तो मुख्यतः याच एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

खोपोलीस हें उत्तर पाणी देतें. घाटमाथ्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यांत लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत सह्याद्रीचा पाऊस सांठवितात, आणि तें पाणी पोलादी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत सोडतात. घाटाच्या पायथ्याशीं उभें राहून ते नळ पाहिले म्हणजे डोंगराला कोणीं दोर बांधून ठेवले आहेत असा भास होतो. इतक्या उंचीवरून आलेलें पाणी तोटीच्या तोंडून बाहेर पडतें तेव्हां त्याचा वेग दर सेकंदास शंभर मीटरांच्या जवळपास जातो. तो झोत पेल्टन चाकाच्या कडेला बसविलेल्या वाट्यांवर आदळतो. प्रत्येक वाटी मधोमध दुभंगलेली असते. त्यामुळें पाणी दोन्ही बाजूंस वळून मागें फिरतें आणि आपली जवळजवळ सारी शक्ति चाकाला देऊन निमूटपणें खालीं पडतें. मघाशीं तोफेच्या गोळ्यासारखें आलेलें तेंच पाणी पुढें पाताळगंगेच्या पात्रांत अगदीं गरीब होऊन वाहत असतें. आमच्या मुलांना यंत्रापेक्षांही या दृश्याचें नवल अधिक वाटलें.

परत आल्यावर आम्हीं एक हिशेब केला. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरील एक मध्यम टाकी, पांचशें मीटर खालीं आली तर तिच्यापासून वीज किती मिळेल? गळती-घर्षण वजा जातां उत्तर येतें सुमारें सव्वा युनिट. एक पंखा सोळा-सतरा तास फिरेल, एवढें. उत्तर ऐकून वर्ग क्षणभर गप्प झाला. पाणी एवढें आणि वीज एवढीच! परंतु खोपोलीची थोरवीही याच हिशेबांत आहे, कारण पाण्यांतील शक्तीपैकीं नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग तेथें विजेच्या रूपानें हातीं येतो. पुढें ज्या माहेरांचें वर्णन करावयाचें आहे त्यांपैकीं बहुतेकांना हें साधत नाहीं.

हें केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्यें सुरू झालें. त्यापूर्वीं मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत, आणि तो कोळसा फार दुरून आणावा लागे. जमशेटजी टाटांनीं ही योजना मनांत धरली होती. परंतु ते १९०४ मध्यें निवर्तले, आणि योजना त्यांच्या मागून सिद्धीस गेली. १९२२ मध्यें भिवपुरीचें केंद्र झालें, १९२७ मध्यें भिऱ्याचें. भिऱ्यास पाणी मिळावें म्हणून मुळा नदीवर मुळशीस धरण बांधावें लागलें, आणि तेथें आपण मुळशीच्या प्रकरणाशीं येऊन पोंचतों.

धरणाच्या पाण्याखालीं पन्नासांच्या आसपास गांवें जावयाचीं होतीं. मावळांतील आंबेमोहोराचीं खाचरें, देवळें, पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें, सर्व त्यांत आलें. १९२१ च्या रामनवमीस शेतकरी धरणाच्या कामावर सत्याग्रहास बसले. विनायकराव भुस्कुटे त्यांत अग्रभागीं होते. पांडुरंग महादेव बापट त्यांत पडले आणि याच लढ्यानें त्यांना 'सेनापति' हें नांव मिळालें. लढा १९२४ पर्यंत चालला. बायकापुरुषांनीं तुरुंगवास सोसला. शेवटीं धरण झालें आणि गांवें बुडालीं. मुंबईच्या गिरण्यांचीं चाकें फिरूं लागलीं, हजारों हातांना काम मिळालें, धूर कमी झाला, हेंही तितकेंच खरें. यांतील एक बाजू सांगून दुसरी दडविणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर. फुकट कांहीं मिळत नाहीं, हा विज्ञानाचा नियम मी वर्गांत शिकवितों. जें इकडे आलें तें तिकडून गेलें असलेंच पाहिजे. मग फळ्यावर पाणी, चाक आणि जनित्र यांची आकृति काढून 'इतकी ऊर्जा आंत, इतकी बाहेर' असा जमाखर्च मांडतांना खर्चाचीं कांहीं कलमें मीं गाळावीं कां? वहीखातें लिहिणारा कारकून असें करील तर आपण त्यास काय म्हणूं? मुळशी ही माझ्या मतें इतिहासाच्या तासांतून उसनी आणलेली गोष्ट नव्हे. ती त्याच समीकरणाची डावी बाजू आहे. धरण बांधावें कीं बांधूं नये हें मी मुलांना सांगत नाहीं. तें त्यांनीं मोठेपणीं ठरवावें. ठरवितांना हिशेब मात्र पुरा हातीं असावा.

कोळशाचें माहेर पाहावयाचें तर चंद्रपुरास जावें. तेथील औष्णिक केंद्राची शक्ति आज २९२० मेगावॅट आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीं जीं अरण्यें दलदलींत गाडलीं गेलीं त्यांचा कोळसा झाला. म्हणजे कोळसा हें त्या काळचें कोंडून ठेवलेलें ऊनच होय. तो पिठासारखा दळून भट्टींत फुंकतात. त्याच्या आंचेनें नळ्यांतील पाण्याची वाफ होते, आणि ही वाफ स्वयंपाकघरांतील वाफेसारखी मवाळ नसते. पांचशें अंशांहून अधिक तापलेली आणि प्रचंड दाबाखालीं कोंडलेली असते. ती टर्बाइनच्या पात्यांच्या रांगांवरून सुटली कीं चाक मिनिटाला ३००० फेरे घेतें. आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते तिचा संबंध याच फेऱ्यांशीं आहे, कारण मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला बरोबर ५०.

पण खरी गंमत, किंवा खरें दुःख म्हणा, पुढें आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचें पुन्हां पाणी करावें लागतें. त्याखेरीज चक्र पुरें होत नाहीं. या थंड करण्यांत जी उष्णता जाते ती वायां जाते. उष्णतेचें काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं भाग थंड जागीं टाकूनच द्यावा लागतो, ही सृष्टीची अट आहे, आणि कोणत्याही कारागिराला ती मोडतां आलेली नाहीं. केंद्राजवळचे ते अवाढव्य, कमरेंत बारीक मनोरे, ज्यांच्यांतून पांढरे ढग निघत असतात, ते धुराडीं नव्हेत. वायां गेलेली उष्णता आकाशांत सोडण्याच्या त्या वाटा आहेत. कोळशांतील शंभर भाग ऊर्जेपैकीं विजेच्या रूपानें मिळतात पस्तीस-चाळीस. एका युनिटामागें सहा-सातशें ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडील कोळशांत राख पुष्कळ, तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे रात्रभर फिरलेल्या एका पंख्यामागें कोठेंतरी दोन मुठी राख पडलेली असते, आणि सुमारें किलोभर कर्बद्विवायु हवेंत गेलेला असतो. जे लोक त्या राखेच्या शेजारीं राहतात त्यांच्या दोरीवरचे कपडे आणि अंगणांतील तुळस यांचा हिशेब युनिटांत मांडतां येत नाहीं.

उरणच्या वायुकेंद्राविषयीं थोडक्यांत लिहितों. तेथें नैसर्गिक वायु जाळून त्याच्या तप्त झोतानें प्रथम एक टर्बाइन फिरवितात, आणि त्यांतून निघालेल्या उष्ण धुरावर पाणी उकळून दुसरें. एकाच विस्तवावर भाकरी भाजून, मग निखाऱ्यावर दूध ठेवणाऱ्या गृहिणीची ही युक्ति. अशा जोडपद्धतीच्या उत्तम आधुनिक केंद्रांत निम्म्याहून अधिक ऊर्जा हातीं लागते.

तारापूरला मुलांना घेऊन जाणें घडलें नाहीं. तेथील गोष्ट आम्हीं फळ्यावरच पाहिली. भारतांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र तेथें १९६९ मध्यें सुरू झालें. युरेनियमच्या अणूच्या गर्भावर न्यूट्रॉन आदळला कीं तो गर्भ दुभंगतो, उष्णता बाहेर पडते, आणि आणखी दोनतीन न्यूट्रॉन सुटून पुढील अणु फोडतात. ही सांखळी आवरून धरणें हेंच अणुभट्टीचें सारें कौशल्य. एक किलो युरेनियम-२३५ पुरतें भंगलें तर वीस लाख किलोंहून अधिक कोळशाइतकी उष्णता मिळते. हें सर्व मीं मोठ्या आवेशानें सांगितलें. मागल्या बांकावरून प्रश्न आला, "सर, मग त्या उष्णतेचें करतात काय?" मीं म्हणालों, "पाणी उकळतात." सारा वर्ग खो खो हंसला. अणु फोडावयाचा, आणि शेवटीं चहाचेंच आधण ठेवावयाचें! पण गोष्ट अक्षरशः खरी आहे. तेथें धूर नाहीं, राख नाहीं. मात्र जें जळून उरतें त्याचें तेज हजारों वर्षें टिकणारें, म्हणून तें डोळ्यांत तेल घालून सांभाळावें लागतें. २००५-०६ मध्यें तेथें ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या चालू झाल्या. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांना उठावें लागलें. जमाखर्चाचें कलम तेथेंही सुटलेलें नाहीं.

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणूनच पवनचक्की कोठेंही न उभारतां वाऱ्याची वहिवाट जेथें आहे अशाच जागीं उभारतात. वाऱ्यांतील सारी शक्ति मात्र कोणालाच काढून घेतां येत नाहीं. ती काढली तर वारा पात्यामागें थांबून राहील, आणि मागून येणाऱ्याला वाट उरणार नाहीं. शेंकडा ५९ ही तेथील शेवटची सीमा.

आणि एक माहेर असें आहे, कीं जेथें चुंबक नाहीं, चाक नाहीं, हालचालही नाहीं. फॅरडेची वाट सोडून गेलेलें हें एकच. आमच्या शाळेच्या छपरावर ज्या काळ्यानिळ्या फळ्या बसविल्या आहेत त्यांत सिलिकॉनचे पातळ थर आहेत. सूर्यप्रकाशाचा कण त्यांवर आदळला कीं आंतील इलेक्ट्रॉन जागचा सुटतो, आणि दोन थरांच्या सांध्यावरील विद्युत्क्षेत्र त्याला एकाच दिशेनें ढकलतें. प्रकाशानें वीज उत्पन्न होते हें बेकरेल या फ्रेंच तरुणास १८३९ मध्येंच दिसलें होतें. परंतु उपयोगास येईल असा सिलिकॉनचा घट १९५४ मध्यें अमेरिकेंत झाला. धुळे जिल्ह्यांतील साक्रीस १२५ मेगावॅटचें सौरकेंद्र २०१३ मध्यें उभें राहिलें. पडलेल्या उन्हाच्या साधारण पांचव्या हिश्श्याची वीज होते. बाकीच्याची फळी तापते, पांखरें तिच्यावर बसत नाहींत, आणि आषाढांत आमचे शिपाईमामा मीटर पाहून मान हालवितात.

आषाढाचा उल्लेख आला म्हणून विजेच्या एका स्वभावदोषाकडे वळतों. ती सांठवून ठेवणें फार अवघड. या क्षणीं जितकी लागते तितकीच या क्षणीं झाली पाहिजे. कमी पडली तर सारीं यंत्रें मंदावतात, अधिक झाली तर वेग वाढतो. सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळीं घरोघर दिवे लागतात. कोळशाच्या भट्टीला जाग येण्यास तास लागतात; पाण्याला मिनिटें पुरतात. घाटघरला तर यावर एक मजेदार तोड आहे. तेथें मागणी नसतां खालच्या तलावांतील पाणी वीज खर्चून वर चढवितात, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडतात. २५० मेगावॅटचें हें केंद्र २००८ मध्यें पुरें झालें. चढविण्यांत जेवढी वीज जाते तेवढी परत मिळत नाहीं, तरीही व्यवहार परवडतो. कारण संध्याकाळच्या विजेचें मोल मध्यरात्रीच्या विजेहून मोठें.

पण महाराष्ट्राची संध्याकाळ ज्या पाण्यानें उजळते तें मुख्यतः कोयनेचें. कोयनेचा ओघ मूळचा पूर्वेकडे. कऱ्हाडास कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचा. धरणानें त्याला अडविलें, बोगद्यांनीं त्याला सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस वळविलें, आणि पोफळीस डोंगराच्या गर्भांत कोरलेल्या यंत्रगृहांत चाकें फिरवून तें पाणी आतां वाशिष्ठींतून अरबी समुद्रास जातें. पहिली वीज १९६२ मध्यें मिळाली. पुढें टप्प्याटप्प्यांनीं शक्ति वाढून १९६० मेगावॅट झाली. पूर्वेकडील शेतांचा वांटा राहावा म्हणून पश्चिमेस वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी सोडूं नये, अशी मर्यादा कृष्णा लवादानें घातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथें भयंकर भूकंप झाला आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडीं या नदीचें नांव झालें.

ज्यांचीं गांवें शिवसागराच्या पाण्याखालीं गेलीं त्यांचें पुनर्वसन दूरदूरच्या जिल्ह्यांत झालें. त्यांपैकीं एका कुटुंबांतील नातू आमच्या वसतिगृहांत राहतो. मुलगा अबोल, वर्गांत हात वर करणाऱ्यांपैकीं नव्हे. सहामाही परीक्षेंत मीं जलविद्युत्केंद्राची नामनिर्देशित आकृति काढावयास सांगितली होती. त्याच्या उत्तरपत्रिकेंत धरण, बोगदा, टर्बाइन, जनित्र, सर्व नांवें यथास्थित होतीं, बाण बरोबर दिशेस होते. जलाशयाच्या तळाशीं, पाण्याच्या आडव्या रेघांखालीं, बारीक अक्षरांत एक नांव अधिक होतें. मला तें कोठल्याही पाठ्यपुस्तकांत आढळलेलें नव्हतें. त्याला बोलावून विचारलें तेव्हां म्हणाला, "आजीचं गाव आहे, सर. तुम्हीच म्हणालात, सगळं लिहायचं."

पुढल्या तासाला मीं भिंतीवर सातारा जिल्ह्याचा नकाशा लावला, आणि निळ्या रंगाखालीं तें गांव कोठें होतें तें त्यानें मुलांना बोटानें दाखविलें.